ढगाळ ठाण्यात सीएन३०६५ सोलर चार्जर: एका पावसाळ्याचा अनुभव

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे पाहायला आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत वॉचमनकाका रोज पाच मजले चढायचे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी झाकणाला सेन्सर लावला. जुन्या लॅपटॉपमधला एक १८६५० सेल (गोल लिथियम बॅटरी), ६ व्होल्ट १ वॉटचं सोलर पॅनेल आणि मध्ये सगळे लावतात तो टीपी४०५६ चार्जर बोर्ड. मे महिन्यात झकास चाललं. गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सेल २.९ व्होल्टवर आला आणि सेन्सर बंद पडला.

छत्री धरून मीटर लावला. उन्हात १६० मिलीअँपिअर करंट देणारं पॅनेल त्या ढगात जेमतेम ९ देत होतं आणि सेलपर्यंत पोचत होते २. टीपी४०५६ला भक्कम ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. पॅनेलला झेपत नाही इतकं तो ओढायला जातो, व्होल्टेज कोसळतं, चार्जिंग तुटतं, पुन्हा सुरू होतं. लाल दिवा नुसता लुकलुकत राहतो, आणि तो दिवाच २-३ मिलीअँपिअर खातो! उन्हात हे लक्षातही येत नाही, पण ९ मधले ३ गेले तर उरलं काय?

मग लॅमिंग्टन रोडवरून १८० रुपयांना सीएन३०६५चा बोर्ड आणला. ही चिप पॅनेलची ताकद बघून तेवढाच करंट घेते. दिवा मी आधीच सोल्डरिंग आयर्नने काढून टाकला. तसल्याच ढगात सेलमध्ये ७ मिलीअँपिअर जायला लागले. सेन्सर दर ५ मिनिटांनी जागा होतो, त्याला दिवसाला साधारण ३० मिलीअँपिअर-तास लागतात. पावसाळी उजेडात तेवढे कसेबसे भरून निघतात. यंदा ७ जूनला सेल ४.०५ व्होल्टवर होता, गणपतीत ३.८८. एकदाही खाली आणावा लागला नाही.

‘इतक्याशा करंटला चार्जर कशाला, एकाच दिशेने करंट सोडणारा डायोड टाकून पॅनेल थेट सेलला जोड,’ असं मला दोघांनी सांगितलं. कृपा करून हे करू नका. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी असं थेंबाथेंबाचं चार्जिंग सोसते, लिथियम सोसत नाही. करंट ५ मिलीअँपिअर का असेना, सेल भरला की, म्हणजे ४.२ व्होल्टला, तो थांबवणारं काहीतरी मध्ये हवंच.

उणिवा आहेत. पॅनेलचं व्होल्टेज साधारण ४.४च्या खाली गेलं की हा बोर्ड काहीच करत नाही, त्यामुळे भल्या सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड वाया जातो. घरातल्या ट्यूबलाइटवर काही चालवायचं असेल तर हा घेऊच नका. त्यासाठी बीक्यू२५५७०सारखी व्होल्टेज चढवून घेणारी चिप लागते. ती ०.६ व्होल्टच्या आसपास सुरू होते आणि मग ०.१ व्होल्टपर्यंत तग धरते, मात्र महाग पडते.

मला जास्त खटकलं ते तापमानाचं. चिपला थर्मिस्टरसाठी (सेलचं तापमान ओळखणाऱ्या भागासाठी) पिन आहे, पण माझ्या बोर्डावर ती सरळ ग्राउंडला जोडून टाकली आहे, म्हणजे तापमानाची तपासणी बंदच. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नये, आणि मे महिन्यात आमच्या गच्चीवर बंद डबीला हात लावला की चटका बसतो. म्हणून मी सेलची डबी टाकीखालच्या सावलीत बसवली आणि पॅनेल तेवढं वर ठेवलं. वायर दोन फूट जास्त लागली.