पहिलीच्या बाकावर एरिया मॅनेजर

सेवा: दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, तिची संध्याकाळची मीटिंग, नाशिक. वापर: ३ वर्षं २ महिने. तारे: ५ पैकी ४.

पैशांपासूनच सुरुवात करतो. औषध कंपनीत २१ वर्षं काढल्यावर फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास उरलेला नाही, सॅम्पल कशासाठी वाटतात ते मला ठाऊक आहे. इथं फी नाही. शेवटी एक डबा फिरतो. पहिल्या दिवशी मी त्यात ५०० ची नोट टाकली, सगळ्यांना दिसेल अशी. कुणी बघितलंसुद्धा नाही. बाहेरच्यांची देणगी ही मंडळी घेतच नाहीत, मेंबरांच्या सुट्या पैशांतून जागेचं भाडं आणि चहा निघतो.

जागा म्हणजे शाळेतला पहिलीचा वर्ग. बाकावर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. फळ्यावर बाराखडी. दोन पंख्यांपैकी एक चालतो. वेळ साडेसातची, सुरू होते पावणेआठला. कापलेला तारा याचा.

तर त्या बाकावरून उठून आपली ओळख सांगायची. पहिलं नाव, आणि पुढे "मी मद्यपी आहे". बस. आडनाव नाही, कंपनी नाही. "मद्यपी" म्हणणं जड गेलं असेल, असं घरच्यांना वाटतं. तेवढं नाही गेलं. जीभ अडखळली ती "एरिया मॅनेजर" गिळताना. बी.एस्सी. होऊन बॅग उचलली तेव्हापासून दवाखान्यांबाहेर ताटकळत ते पद मिळवलं होतं. बायको माहेरी गेली, समोरचे दोन दात गेले, तरी व्हिजिटिंग कार्ड पाकिटात होतं. आणि प्यायचो तेही कामाच्याच नावावर. महिनाअखेरचं क्लोजिंग झालं म्हणून, टार्गेट हुकलं म्हणून, कॉन्फरन्सला आलेल्या डॉक्टरांना सोबत म्हणून. तिसऱ्या पेगनंतर माझ्यासारखा सेल्समन उत्तर महाराष्ट्रात नाही, अशी माझी खात्री असायची. स्टॉकिस्ट, म्हणजे आमच्या घाऊक विक्रेत्यांचं मत वेगळं होतं, ते पुढे कळलं.

माझं पहिलं शेअरिंग, म्हणजे सगळ्यांसमोर आपली गोष्ट सांगणं, अक्षरशः प्रेझेंटेशन होतं. हातवारे, विनोद, मधे एक शेर. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, "धन्यवाद" म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. तो रिक्षावाला होता, त्याला दोन वाक्यं जेमतेम जमली. घरी जाताना मला त्याचीच दोन वाक्यं आठवत होती, याचा भयंकर राग आला.

माझे स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हाताशी धरणारे जुने मेंबर, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांना काका म्हणतो. नव्याला सांगतात, ९० दिवसांत ९० मीटिंग कर. टार्गेट म्हटल्यावर आपण पेटणारच. रविवारी दोन-दोन करून ९९ केल्या आणि काकांना म्हटलं, "एकशेदहा टक्के अचीव्हमेंट." काका म्हणाले, "बरं. उद्या कप विसळायला लवकर ये."

कप विसळता विसळता त्यांनीच मला एए सुरू करणाऱ्या दोघांपैकी एकाची, बिल डब्ल्यू.ची गोष्ट सांगितली. हा वॉल स्ट्रीटवर शेअरच्या धंद्यातला माणूस. १९३५ च्या मे महिन्यात एका कंपनीच्या ताब्याच्या लढाईसाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला आणि हरला. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे फोन. त्यानं फोन उचलला आणि बोलायला आणखी एखादा बेवडा मिळेल का, म्हणून विचारत सुटला. मिळाला तो सर्जन, डॉक्टर बॉब. बॉबनं शेवटची दारू घेतली तो दिवस, १० जून १९३५, एएचा वाढदिवस मानतात. आणि ती शेवटची बाटली बिअरची, ऑपरेशन करताना हात थरथरू नयेत म्हणून खुद्द बिलनं दिलेली! क्लोजिंगच्या सकाळी हात थरथरतात म्हणजे काय, ते मला विचारा.

पुढे १९५४ साली येल विद्यापीठानं बिलला मानद डॉक्टरेट देऊ केली. अनामिक राहायचं तत्त्व म्हणून त्यानं ती घेतली नाही. हे ऐकून मी बराच वेळ एकच कप विसळत होतो. मी घेतली असती. आजही घेईन.

गेल्या वर्षी रीजनल मॅनेजरची जागा निघाली. महिन्याला २० दिवस टूर, डीलरांच्या पार्ट्या. काका हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, या तयारीनं गेलो. ते म्हणाले, "गावं सांग." धुळे, जळगाव, अकोला… त्यांनी डायरी काढली आणि प्रत्येक गावातला कुणी ना कुणी ओळखीचा मेंबर शोधत बसले. जागा मला मिळाली नाही. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. त्या संध्याकाळी उभा राहून म्हणालो, "मला ते पद अजून हवंय." कुणी समजूत काढली नाही, अहंकारावर प्रवचनही दिलं नाही. पुढच्यानं आपल्या परमिटची अडचण सांगायला सुरुवात केली.

नव्यांसाठी दोन गोष्टी. हा औषधोपचार नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग बाक. दुसरं, दारू सोडायच्या एएच्या बारा पायऱ्यांमध्ये देव बराच येतो. "आपल्याला उमगेल तसा" अशी सोय ठेवली आहे, तरी मला अजून खटकतो. तिथं कोण कोण येतं, ते विचारू नका. सांगणार नाही.

जागा यंदा पुन्हा निघाली आहे, अर्ज केलाय. मुलाखत मंगळवारी सकाळी ११ ला, मुंबईत. मंगळवारी चहाची पाळी माझी. दुपारची गाडी मिळाली तर पातेलं चढवायच्या वेळेला पोचतो, नाहीतर रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय.