वॉर्डात हँडरब की साबण-पाणी?
एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड असला की प्रत्येक पेशंटनंतर बेसिनपर्यंत जाऊन ४० ते ६० सेकंद हात धुणं होतच नाही. त्यात उन्हाळ्यात नळ कोरडा, आणि सगळ्यांनी पुसलेला ओला नॅपकिन म्हणजे जंतूंचं माहेरघर. अल्कोहोलचं हँडरब, म्हणजे पाण्याशिवाय हातावर चोळायचं जंतुनाशक, खाटेलाच अडकवता येतं, २०-३० सेकंदांत काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीने ते स्थानिक पातळीवर बनतं: इथेनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, ग्लिसरॉल आणि उकळून गार केलेलं पाणी. माली या आफ्रिकी देशात त्यासाठी उसाचं अल्कोहोल वापरलं. आपल्याकडे तर साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीज आहेत! माझं मत हँडरबलाच. मात्र हाताला रक्त किंवा शी लागली असेल, तर साबण-पाणीच हवं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूचे बीजाणूही अल्कोहोलला दाद देत नाहीत.