आय-सेव्हन, ‘ओपन बॉक्स’ आणि कच्ची चिठ्ठी

लॅपटॉपची जाहिरात एका दुकानदाराच्या व्हॉट्सॲप स्टेटसला होती : ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, विंडोज ११ ओरिजिनल, ऑफिस लाइफटाइम, इम्पोर्टेड ओपन बॉक्स, फक्त २४,५००.’ यातला जवळजवळ प्रत्येक शब्द दुकानात मशीन चालू केल्यावर स्क्रीनवर खरा दिसत होता. म्हणूनच हे जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही साताऱ्याचे, दुकान पुण्यातलं. भाचीला डिप्लोमाला प्रवेश मिळालेला, त्यामुळे ताई, दाजी आणि मी असे तिघे गेलो. दाजींचा पहिलाच प्रश्न, “वापरलेला नाही ना?” दुकानदार म्हणाला, “नाही हो काका, ओपन बॉक्स आहे. दुबईचा लॉट. बॉक्स उघडला म्हणून किंमत पडली, बाकी मशीन कोरं.” वरची प्लॅस्टिकची पातळ फिल्म त्याने आमच्यासमोरच सोलली. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “त्याला अठरा टक्के जीएसटी वर पडेल.” पैसे यूपीआयने त्याच्या खात्यावर गेले आणि आमच्या हातात एक चिठ्ठी आली. वर छापलेलं ‘एस्टिमेट’, खाली पेनने लिहिलेलं ‘लॅपटॉप १ नग’.

काही महिने बरे गेले. मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरं उमटली आणि वर्डच्या माथ्यावर लायसन्सच्या इशाऱ्याची पट्टी आली. दुकानातला पोरगा भाचीला फोनवर म्हणाला, “ताई, अँटिव्हायरस बंद करा, मी लिंक पाठवतो.” भाचीने ते केलं नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना दाखवलं आणि त्यांनी बसल्या जागी सगळं उलगडून सांगितलं.

आधी प्रोसेसर. ‘आय-सेव्हन’ हे इंटेलच्या प्रोसेसरच्या मालिकेचं नाव, तेवढं खरं होतं, पण पूर्ण नंबर निघाला आय७-६६००यू. डॅशनंतरचा आकडा पिढी सांगतो. हा सहाव्या पिढीचा, २०१५ सालचा आणि दोनच कोअरचा, म्हणजे काम करणारे गाभे दोनच. २०२२ मधल्या साध्या आय३-१२१५यू मध्ये सहा कोअर असतात. म्हणजे दुकानदार ज्या ‘सेव्हन’वर भाव मारत होता, तो आजच्या ‘थ्री’पुढेही टिकत नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अशी अट घातलेली आहे. ती तपासणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवता येतं, आणि इथे नेमकं तेच केलेलं. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि कंपन्यांनी वापरून काढलेल्या सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीन बाजारात काढायला दुकानदारांना हाच रस्ता सापडला. मशीन जुनं असण्याला माझी हरकत नाही. जुनं म्हणून, जुन्याच्या भावात विका, लोक आनंदाने घेतील.

‘ओरिजिनल विंडोज’ची गंमत तर वेगळीच. सरांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर, एक स्पेस, मग स्लॅश डीएलआय असं टाइप केलं. चौकटीत ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस क्लायंट’ हे शब्द आले. केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची सोय आहे. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो, त्याच्याकडून मिळालेली परवानगी १८० दिवस चालते आणि मधूनमधून आपोआप नवी होते. गल्लीतले दुकानदार एक छोटा चोरटा प्रोग्रॅम टाकून तो सर्व्हर असल्याचं सोंग मशीनच्या आतच उभं करतात. अँटिव्हायरसने हा प्रोग्रॅम पकडू नये म्हणून सी ड्राइव्हमधलं एक फोल्डर तपासणीतून वगळून ठेवलेलं होतं. वगळलेल्या फोल्डरमध्ये दुसरं काय येऊन बसलं असेल हे कोण सांगणार? याच मशीनवरून ताईने बँकेचे व्यवहार केले होते. त्या दिवशी सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले.

‘कोरं’ मशीन किती कोरं, तेही पाहिलं. खालचं सर्व्हिस टॅगचं, म्हणजे त्या मशीनच्या स्वतंत्र ओळख-नंबराचं, लेबल खरडून काढलेलं होतं, पण तो नंबर बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) असतोच. कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी संपून कैक वर्षं झालेली. पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट या कमांडने बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. आमची निम्म्याच्याही खाली होती.

दुकानात परत गेलो तेव्हा सूर बदललेला. आधी म्हणे ‘एक्स्चेंज करून देतो’, म्हणजे त्याच ढिगातलं दुसरं मशीन. पैसेच परत हवेत म्हटल्यावर दमदाटी सुरू झाली, “पायरेटेड सॉफ्टवेअर तुम्ही वापरताय. तक्रार केलीत तर आधी तुम्हीच आत जाल.” या एका वाक्याने बरीच माणसं गप्प बसत असणार. प्रत्यक्षात कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी ‘जाणूनबुजून’ वापरणाऱ्यासाठी आहे. ‘ओरिजिनल’ असं लिहून विकलेला माल वापरणारं गिऱ्हाईक त्यात कसं बसेल?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र दुकानदारासाठी अडचणीचा आहे. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खपवणं त्यात आहे. बिल न देणं हीसुद्धा त्या यादीतली स्वतंत्र प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणंही आहे. परत घेण्याची मुदत पावतीवर नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. अठरा टक्क्यांचं तुणतुणंही पोकळ होतं. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल तर जीएसटी खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथून दुकानाला विचारणा गेली, उत्तर आलं नाही. हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम काढू शकत नाही, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नका. मग साताऱ्यातच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

पुरावा म्हणून चिठ्ठीपेक्षा मोबाइलच कामी आला. भाचीने स्टेटसचा स्क्रीनशॉट तेव्हाच ताईला पाठवला होता. शिवाय खरेदीच्या आदल्या रात्री दाजींनी दुकानदाराला ‘नवीन आहे ना, विंडोज ओरिजिनल आहे ना’ असं विचारलं होतं आणि त्याने ‘येस काका, १००%’ असं उत्तर दिलं होतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५ब खाली, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. ते वकिलांनी करून दिलं. असे मेसेज पुसू नका आणि फोनही विकू नका.

जुनं मशीन घेणार असाल तर दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहूनच विचारा : प्रोसेसरचा पूर्ण नंबर, सर्व्हिस टॅग, आणि हे दोन्ही बिलावर लिहून देणार का. चांगले रिफर्बिश्ड (दुरुस्त करून तपासलेलं जुनं मशीन) विकणारे हे बिनबोभाट देतात, सोबत स्वतःची वॉरंटीही. ‘या हो, समोरासमोर बोलू’ असं उत्तर आलं तर पेट्रोल खर्चू नका.

आमची तारीख पडली आहे. दुकानदाराच्या वकिलांचं म्हणणं असं, की एस्टिमेट म्हणजे नुसता अंदाज, विक्री झालीच नाही. मग यूपीआयने आलेले २४,५०० रुपये कशाचे, हे त्यांच्या लेखी उत्तरात कुठेच नाही.