आठ लेयरचा स्टॅकअप: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रोसेसर, दोन डीडीआर४ मेमरी चिप, गिगाबिट इथरनेट आणि यूएसबी ३ असलेला आमचा सर्किट बोर्ड सहा लेयरवरून (तांब्याच्या थरांवरून) आठवर नेला, त्याला आता बरेच महिने झाले. थरांचा क्रम, म्हणजेच स्टॅकअप, असा: सिग्नल, ग्राउंड, सिग्नल, पॉवर, ग्राउंड, सिग्नल, ग्राउंड, सिग्नल. एकूण जाडी १.६ मिमी. मी या मांडणीवर मनापासून खूश आहे. मात्र नुसते लेयर वाढले म्हणून काम झालं असं नाही. वाढलेले दोन्ही लेयर ग्राउंडला दिले आणि मधली अंतरं विचारपूर्वक ठरवली, म्हणून झालं.

आधीचा क्रम होता सिग्नल, ग्राउंड, सिग्नल, सिग्नल, पॉवर, सिग्नल. सिग्नलचे लेयर तेव्हाही चारच. पण वरून तळाला गेलेल्या ट्रेसचा (सिग्नल नेणाऱ्या तांब्याच्या रेषेचा) रेफरन्स, म्हणजे ज्या शेजारच्या थरातून त्याचा करंट परततो तो, ग्राउंडवरून पॉवरवर जायचा आणि परतीच्या करंटला पॉवर आणि ग्राउंडमध्ये लावलेल्या जवळच्या डीकपलिंग कपॅसिटरमधून वाट काढावी लागायची. जवळ कपॅसिटर नसेल तर तो करंट लांबून फिरून येतो, आणि तेवढा लूप ॲंटेनासारखा वागतो. रेडिओ लहरींच्या उत्सर्जनाच्या चाचणीत इथरनेटच्या १२५ मेगाहर्ट्झच्या पटीत येणारी टोकं मर्यादेला जवळजवळ टेकायची. नव्या बोर्डवर तीच टोकं ठळकपणे खाली आली.

आता अंतरं, कारण खरी गंमत तिथे आहे. पहिला आणि दुसरा लेयर यांच्यात ०.११ मिमी प्रीप्रेग (थर चिकटवणारं, रेझिन भरलेलं काचेचं कापड), दुसरा-तिसरा ०.१३ मिमी कोअरवर (दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या तयार पत्र्यावर), तिसरा-चौथा यांच्यात सुमारे ०.४२ मिमी, आणि मधोमध पॉवर-ग्राउंडची जोडी ०.१ मिमी कोअरवर. खालचा अर्धा भाग याचंच प्रतिबिंब. तिसऱ्या लेयरचे ट्रेस दुसऱ्या लेयरच्या ग्राउंडला चिकटून आहेत, पॉवर त्यांच्यापासून तिपटीहून दूर. त्यामुळे परतीचा बहुतेक करंट ग्राउंडमध्येच राहतो. आमच्याकडे व्होल्टेज बरीच, म्हणून पॉवर लेयरचे तुकडे पडलेले आहेत. साध्या सिग्नलने ती फट ओलांडली तरी आता त्रास जाणवत नाही. डीडीआरला मात्र मी अजूनही फटीवरून जाऊ देत नाही.

पहिल्यावरून तिसऱ्यावर जाणाऱ्या सिग्नलला तर रेफरन्स बदलावाच लागत नाही. दुसरा लेयर दोघांचा सामाईक, करंट त्याच तांब्याच्या वरच्या बाजूवरून व्हायासाठी (थर जोडणाऱ्या तांब्याच्या नळीसाठी) ठेवलेल्या भोकातून खालच्या बाजूवर जातो. पहिल्यावरून आठव्यावर जाताना शेजारी ग्राउंड व्हाया दिला की भागतं. राउटिंग करताना यामुळे डोकं किती शांत राहतं, ते वापरल्यावरच कळतं.

ट्रेस आणि ग्राउंड जवळ आल्याने क्रॉसटॉकही, म्हणजे एका ट्रेसचा शेजारच्याला होणारा उपद्रवही, उतरला. दोन ट्रेसमधलं अंतर तेवढंच ठेवून खालचा प्लेन (तांब्याचा सलग थर) जवळ आणला, तर शेजारच्या ट्रेसवर होणारा परिणाम झपाट्याने घटतो. दाटीच्या बोर्डवर हा फार मोठा आधार आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. बाहेरच्या लेयरवर सिग्नल मिलिमीटरला साधारण ६ पिकोसेकंद घेतो, आतल्यावर ६.८ च्या आसपास. ५० मिमी ट्रेसमध्ये ४० पिकोसेकंदांचा फरक पडतो. डीडीआर४-२४०० मध्ये एका बिटला जेमतेम ४१७ पिकोसेकंद मिळतात. म्हणून एका बाइटच्या सगळ्या लाइन आम्ही एकाच लेयरवर ठेवतो आणि लांबीऐवजी वेळ जुळवतो.

उणिवाही आहेत. पॉवर-ग्राउंडच्या जोडीतून चौरस सेंटिमीटरला सुमारे ३७ पिकोफॅरड मिळतात. आकडा लहान असला तरी इंडक्टन्स (करंटच्या झटपट बदलाला होणारा विरोध) अगदी कमी, म्हणून कामाचा. पण ही जोडी बोर्डच्या मध्यावर आहे, आणि चिपपासून तिथवर जाणाऱ्या व्हायाचा इंडक्टन्स त्या फायद्यातला बराच भाग खाऊन टाकतो. पॉवर वरच्या बाजूला आणता आला असता, पण मग दोन सिग्नल लेयरची सोय बिघडली असती. डीकपलिंग कपॅसिटर चिपला खेटून लावूनच आम्ही हे निभावतो.

दुरुस्तीचं काम तर नक्कीच अवघड झालं. तीन ग्राउंड प्लेन उष्णता शोषून घेतात. ग्राउंडला जोडलेली कनेक्टरची पिन काढायची तर खालून प्रीहीटर लावल्याशिवाय सोल्डर वितळत नाही. थर्मल रिलीफ (पिनला प्लेनशी जोडणाऱ्या बारीक पट्ट्या) दिलेले असूनही.

वाकण्याची तक्रार नाही. सरफेस माउंट बोर्डसाठी आयपीसी या उद्योगसंस्थेची मर्यादा ०.७५ टक्के आहे आणि आमचे बोर्ड आरामात त्याच्या आत येतात. मांडणी मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे, त्याचा हा परिणाम.

ही मांडणी घेणाऱ्याने राउटिंगला हात लावण्याआधी फॅब्रिकेटरकडून (बोर्ड बनवणाऱ्याकडून) स्टॅकअप लेखी मागवावा, प्रीप्रेगच्या प्रकारासकट. ‘एफआर-४’ (बोर्डचं नेहमीचं मटेरियल) एवढं लिहून भागत नाही. १०८० प्रकारच्या प्रीप्रेगमध्ये रेझिन जास्त, ७६२८ मध्ये काच जास्त, आणि काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक रेझिनच्या जवळपास दुप्पट, म्हणून प्रीप्रेग बदललं की ट्रेसचा इम्पिडन्स (सिग्नलला जाणवणारा रोध) बदलतो. एका खेपेला आमच्या फॅब्रिकेटरने न विचारता प्रीप्रेग बदललं आणि यूएसबीच्या ९० ओहम जोड्या टेस्ट कूपनवर (बोर्डसोबत चाचणीसाठी बनवलेल्या तुकड्यावर) ±१० टक्क्यांच्या काठावर आल्या. तेव्हापासून प्रीप्रेगचा नंबर, तयार जाडी आणि प्रत्येक इम्पिडन्ससाठी ट्रेसची रुंदी हे तिन्ही आम्ही फॅब ड्रॉइंगवरच छापतो, आणि कूपनचा रिपोर्ट आल्याशिवाय माल उतरवून घेत नाही.