छापायच्या पीडीएफसाठी १५० की ३०० डीपीआय?

सोलापुरात चादरींचा व्यवसाय करणाऱ्या एका स्नेह्यांना मालाचे माहितीपत्रक पीडीएफमध्ये करायचे आहे. ते ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल आणि काही प्रती छापल्याही जातील. त्यातील छायाचित्रे १५० डीपीआयची (म्हणजे छपाईत दर इंचाला १५० ठिपके किंवा पिक्सेल) ठेवावीत की ३०० ची, असा त्यांना प्रश्न पडला आहे.

आकाराचा हिशेब सरळ आहे. पूर्ण ए-४ पानाच्या चित्रास ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, तर १५० ला १२४० × १७५४, म्हणजे एकूण पिक्सेल एक चतुर्थांश. फाइलही त्याच बेताने हलकी होते.

स्पष्टतेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. जकार्ड विणीच्या चादरीतील नक्षीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा आणि काठाजवळचे बारीक धागे १५० डीपीआयला एकमेकांत मिसळतात, आणि कधीकधी तर मूळ कापडात नसलेल्या लहरी छपाईत उमटतात. ग्राहक वीण पाहूनच माल पसंत करतो, त्यामुळे येथे तडजोड करू नये असे मला ठामपणे वाटते. मात्र मूळ फोटोच लहान असेल, तर नुसता आकडा वाढवून तपशील येत नाही: १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने ४ इंचच रुंद छापता येतो.

छापखान्यात द्यायच्या प्रतीसाठी ३०० घ्यावे. मोबाइलवर पाहायची प्रत, घरच्या प्रिंटरवरचे दरपत्रक किंवा लांबून वाचायचा फलक यांसाठी १५० पुरते. या स्नेह्यांनी मूळ फाइल ३०० ची ठेवून तिच्यातूनच व्हॉट्सअ‍ॅपसाठी १५० ची वेगळी प्रत काढावी.