टू-पीस स्टोमा बॅग, सात महिने वापरून: पिशवीला ४ स्टार, सिस्टरला ५

या पिशव्यांचे रिव्ह्यू पाहिले तर "प्रॉडक्ट चांगलं, डिलिव्हरी टाइमवर" याच्या पुढे कोणी काही लिहीत नाही, अन् मला तेव्हा डिलिव्हरीशी काय घेणं, मला हे पाहिजे होतं की पोटावर पिशवी लावून बाई साडी कशी नेसते. म्हणून हा रिव्ह्यू लांबलाय, वेळ असेल तर वाचा.

मी नागपूरची, शाळेत शिकवते, वय ५१. रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर निघाला, आधी रेडिएशन झालं मग ऑपरेशन ठरलं. सर्जननं कागदावर आतड्याचं चित्र काढून सांगितलं की रेक्टमचा भाग काढून आतडं जोडू, खालचा जोड नवीन राहील, तो भरून येईपर्यंत त्याच्यावरून काही जायला नको, म्हणून लहान आतड्याचा एक वेढा पोटावर काढून ठेवू, याला लूप इलिओस्टोमी म्हणतात, पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा, शी तिथून पिशवीत पडते, नंतर परत आत टाकून देऊ. "टेम्पररी आहे" हे तीनदा सांगितलं. खरं सांगते, मला कॅन्सरपेक्षा पिशवीचं जास्त रडू आलं. चार दिवस घरात कोणाशी धड बोलली नाही, मोठ्या जाऊबाई "काढा घेऊन पाहा ना एखादा" करून राहिल्या होत्या ते वेगळंच.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी धंतोलीत स्टोमा सिस्टरकडे, म्हणजे स्टोमाचं पाहणाऱ्या नर्सकडे पाठवलं. तिनं फोनवरच सांगितलं, "ताई, गाऊन घालून येऊ नका, रोज नेसता तशी साडी नेसून या, परकराची नाडीसुद्धा रोजच्याच जागी." म्हटलं काय बाई आहे बाप्पा! तिनं मला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, झोपवलं, अन् दरवेळी पोटाला कुठे घडी पडते ते पाहत गेली. शेवटी बेंबीच्या उजवीकडे, नाडीच्या खाली, घडीपासून दूर अन् मला स्वतःला मान वाकवून दिसेल अशा जागी पेननं एक ठिपका दिला. स्टोमा घडीत पडला की पिशवी नीट चिकटत नाही अन् गळते, अन् पोट सुटलेल्या बाईला पोटाच्या खालच्या अंगाचं दिसतच नाही मग ती साफ कशी करणार. तो ठिपका पाहूनच सर्जननं जागा ठेवली.

मग तिनं त्याच ठिपक्यावर एक पिशवी लावली, आत अर्धा कप पाणी टाकलं अन् म्हणाली जा घरी, उद्या काढा. मी घरी न जाता मुद्दाम बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात गेली, मेन रोडच्या गर्दीत एक ब्लाऊजपीस घेतलं, मेट्रोत बसून घरी आली, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. खाली बसून पाहिलं, कुशीवर झोपून पाहिलं, देवपूजा केली. रात्री नवऱ्याला दाखवली तर तो बोटानं दाबून म्हणे "लग्नात पाण्याचे पाऊच देतात ना, तसंच आहे", अन् दोन आठवड्यांत मी पहिल्यांदा हसली. सिस्टर सांगत होती की डेन्मार्कच्या एलिसे सोरेनसन नावाच्या नर्सनं १९५४ मध्ये ही चिकटणारी पिशवी सुचवली ती आपल्या बहिणीसाठी, कारण ऑपरेशननंतर ती बहीण घराबाहेर पडायला घाबरायची. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

आता प्रॉडक्ट. टू-पीस म्हणजे पोटावर चिकटणारी प्लेट वेगळी अन् पिशवी वेगळी, रिंगवर टक करून बसते. तो टक आवाज आला नाही तर लागलीच नाही समजा. पिशवी एक तृतीयांश भरली की खालून रिकामी करायची, पूर्ण भरू दिली तर वजनानं प्लेट ओढते. स्टोमा पहिल्यांदा पाहताना डोळे मिटले होते मी, लाल, ओला, ओठाच्या आतल्या बाजूसारखा दिसतो, पण हात लावला तर दुखत नाही कारण तिथे दुखणं कळणाऱ्या नसाच नाहीत. प्लेटचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. इथे मी चुकली. सुरुवातीला स्टोमा सुजलेला असतो अन् सहा-आठ आठवड्यांत बारीक होत जातो, मी मात्र पहिल्या आठवड्याच्याच मापानं कापत राहिली, मग उघड्या राहिलेल्या कातडीवर लहान आतड्यातली पातळ शी लागून लागून कातडी मिरची लावल्यासारखी जळायची. सिस्टरनं माप घ्यायचं कार्ड हातात दिलं, ओल्या कातडीवर स्टोमा पावडर टाकून जास्तीची झटकायला शिकवली, चार-पाच दिवसांत फरक पडला.

प्लेट थंडीत आरामात चार दिवस टिकली. मे महिन्यात, पारा ४५ ला टेकला तेव्हा, दोन दिवस पण नाही. घामानं कडा सुटतात. दिवसभर कूलरसमोर बसून राहायची अन् वर ओआरएस, कारण इलिओस्टोमीत मोठं आतडं बाजूला पडलेलं असतं, पाणी-मीठ शोषायचं काम नीट होत नाही, त्यात नागपूरचा उन्हाळा. एकदा चक्कर येऊन सलाईन लागलं तेव्हापासून ओआरएसला नाही म्हटलं नाही. एका सर्जिकलवाल्यानं तर टिनाच्या माळ्यावर ठेवलेला डबा काढून दिला, प्लेटचा डिंक पातळ झालेला, वरून पन्नास मापाच्या प्लेटवर साठ मापाची पिशवी, ती टक बसणार कशी. परत घ्यायला गेली तर "उघडलेला माल परत होत नाही मॅडम". उघडल्याशिवाय कळणार कसं? तेव्हापासून मी गांधीबागेतून आणायची, प्लेट अन् पिशवीचा आकडा अन् एक्सपायरी दुकानातच वाचून. महिन्याला पाच-साडेपाच हजार जायचे, उन्हाळ्यात जास्त.

खाण्याचं थोडक्यात, केळं, भात, साबुदाणा यानं घट्ट होतं. मक्याचं कणीस बंद. तर्री पोह्यातले चणे नवऱ्याच्या प्लेटमध्ये. अन् काटोलहून मृग बहाराची संत्री आली तर फोडीची पातळ साल काढून आतलं तेवढंच खायचं, ती साल आतड्यात अडकते म्हणे. नागपुरात राहून संत्र सोलून झाल्यावर परत सोलायचं!

जुलैमध्ये केमो संपल्यावर परत आत टाकायचं ठरलं. आधी खालून डाय टाकून फोटो काढला, जोड गळत नाही ना पाहायला. सगळे म्हणाले आता सुटलीस, अन् मला मात्र पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण आता पिशवीची सवय झाली होती अन् पुढचं काय ते माहीत नव्हतं. ऑपरेशन लहान होतं, पाच दिवसांत घरी. पण नंतर महिनाभर दिवसातून दहा-बारा वेळा संडास, धरवत नाही, एकदा जाऊन आली की पाच मिनिटांत परत. रेक्टमचा भाग काढल्यावर असं होतं, हे सिस्टरनं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मी हादरली नाही. झिंक ऑक्साईडचं क्रीम, आवळून धरायचा व्यायाम, अन् डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. आता चार-पाचवर आलंय, शाळेत स्टाफरूममधली दाराजवळची खुर्ची माझी.

पिशवीचा एक स्टार कापला तो फिल्टरचा. हवा जायला कोळशाचा फिल्टर दिलाय पण पातळ शी लागून तो एका दिवसात ओला होतो अन् बंद पडतो, मग रात्री दोनला पिशवीचा फुगा. रिंग जराशी उघडून हवा सोडायची अन् खिडकीपण उघडायची. नवरा म्हणे, खिडकी आधी उघडत जा.