आठ महिने वापरलेलं जाळीचं हेल्मेट

लेक बारा वर्षांची, इनलाइन हॉकी खेळते. इंदूरला बर्फ नसला तरी या चाकांवरच्या खेळात हेल्मेट आइस हॉकीचंच वापरतात. आधी पूर्ण पारदर्शक व्हायजर, म्हणजे चेहऱ्यापुढचं आरपार दिसणारं झाकण, घेतला होता. त्यातून दिसायचं लख्ख, पण उन्हाळ्यात पाच मिनिटांत आतून वाफ धरायची, आणि पोर ती पुसायला चालू खेळात हेल्मेट कपाळावर ढकलायची. मग तारेची जाळी घेतली.

पहिले पंधरा दिवस तिची कुरकुर होती. पायापाशी आलेला पक (चेंडूच्या जागी असते ती चकती) दिसत नाही, तारा डोळ्यांपुढे नाचतात. नंतर एक दिवस विचारलं तर म्हणाली, "कुठल्या तारा?" नजर इतकी सरावते. घाम गळतोच, पण वारा आत येतो, श्वास कोंडत नाही.

माझे सासरे जुने क्रिकेटवाले. "एवढं तोंड बांधून कसलं खेळायचं?" म्हणाले. त्यांना जॅक प्लांटची गोष्ट सांगितली. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये मॉन्ट्रियलच्या आइस हॉकी संघाच्या या गोलरक्षकाच्या चेहऱ्यावर पक बसला. टाके घालून तो परतला तो मुखवटा चढवूनच, प्रशिक्षकाच्या मनाविरुद्ध, आणि सामना 3-1 असा जिंकला. बर्फावरचा पक 156 ते 170 ग्रॅमचा कडक रबर असतो. तरीही एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, नव्या खेळाडूंना अर्धा व्हायजर सक्तीचा व्हायला 2013 उजाडलं. मोठ्यांनी लावलेला उशीर मुलांनी का भोगायचा?

तिसऱ्या महिन्यात जाळीची परीक्षा झाली. समोरच्या मुलीची स्टिक फटक्यानंतर वर आली ती थेट लेकीच्या गालासमोर. दोन तारांचा रंग उडाला, एक तार नखभर आत वाकली. चेहऱ्यावर ओरखडा नाही, फक्त हनुवटी लाल. त्या रात्री ती तार मी कितीदा चाचपली असेन! जिथून घेतली त्या दुकानात "ठोकून सरळ करून देतो" म्हणाले. मी नवीच घेतली. एकदा वाकलेल्या तारेवर मला पोरीचा डोळा सोपवायचा नाही.

किमतीपेक्षा बसणं बघा. हेल्मेटची कड भुवईच्या एक बोट वर, हनुवटी जाळीच्या खालच्या कपात नीट टेकलेली, पट्टा एका बोटाइतकाच सैल. मुलं पट्टा लोंबता ठेवतात. हनुवटी आणि कप यांत जागा राहिली, तर फटक्यासरशी जाळी मागे सरकून नाकावर आदळते. आमच्या लेकीने सुरुवातीला तसंच केलं होतं, म्हणून आता रिंकवर जाण्याआधी पट्टा मी स्वतः ओढून बघते.

तक्रार एकच, स्क्रूंची. पावसाळ्यात गंजले, एक तर सरावात निखळला आणि जाळी एका बाजूने लोंबली. आता दर रविवारी पेचकस घेऊन बसते. जाळी साध्या साबणाच्या पाण्याने धुते.

वापरलेलं हेल्मेट घेत असाल तर एचईसीसीच्या (हॉकीची हेल्मेटं प्रमाणित करणारी अमेरिकन संस्था) स्टिकरवरची तारीख वाचा. मुदत बनवल्यापासून साडेसहा वर्षांची असते. आमच्या हेल्मेटला अजून चार वर्षं आहेत. जाळी मात्र दिवाळीनंतर एक माप मोठी घ्यावी लागणार, हनुवटी आताच कपाच्या कडेला लागतेय.